बंदुकीचा दस्ता : लांकूड आणि अंगाचें माप

आमच्या इतिहासग्रंथांत बंदुका मोजल्या जातात त्या नळ्यांनीं. अमक्या लढाईंत इतक्या हजार बंदुका होत्या, तमका किल्ला पडला तेव्हां आंत इतक्या सांपडल्या, अशीं वाक्यें पानोपानीं भेटतात. परंतु ज्या लांकडावर ती लोखंडी नळी बसविलेली असे, ज्याला गाल टेकून माणूस नेम धरी, आणि बार उडाल्यावर ज्याचा धक्का त्याच्याच खांद्याला सोसावा लागे, त्या लांकडाविषयीं एखादी ओळही क्वचितच वाचावयास मिळते. याचें एक कारण उघड आहे. लोखंड टिकतें, लांकूड टिकत नाहीं. वाळवी, पाऊस, चुलीला सरपण कमी पडणें, या सर्वांतून वांचलेला जुना दस्ता विरळा. आणि संग्रहालयांत ज्या बंदुका दिसतात त्यांतील कित्येकींची नळी एका काळची व लांकूड दुसऱ्या काळचें असतें. दुसरें कारण थोडें अधिक बोचणारें आहे. नळी ही राजाच्या कारखान्याची गोष्ट, तिच्यावर नांवें कोरलीं जात. दस्ता ही गांवच्या सुताराची गोष्ट, आणि गांवच्या सुताराचें नांव बखरींत येत नाहीं.

तथापि लांकडाकडे पाहिल्यावांचून बंदुकीचा इतिहास अर्धाच कळतो, असें आम्हांस वाटतें. दस्ता कोणाच्या अंगाच्या मापानें कापला आहे, हें पाहिलें कीं ती बंदूक कोणाची होती, नुसती कोणाच्या हातांत होती, हें बरेंचसें समजतें. आज नांदेड व लातूर या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या मुलखांत या पाहणीला पुष्कळ साहित्य आहे. (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून निघाला, आपल्या विषयाच्या काळीं हा सगळा प्रदेश बहुतेक निजामाच्या अमलांत होता.)

आरंभ नांदेडपासून करूं. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं बादशहा बहादूरशहाच्या स्वारीबरोबर दक्षिणेंत आले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत गोदाकांठीं या गांवीं त्यांनीं देह ठेवला. त्या स्थानीं महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलेली सचखंड हजूरसाहेबाची वास्तु उभी आहे. तेथें गुरूंचीं म्हणून जीं शस्त्रें जतन केलेलीं आहेत त्यांत तलवारी, खंजीर, दोन धनुष्यें, बाणांचा भाता व रत्नें जडविलेली पोलादी ढाल यांच्या पंक्तीला एक तोड्याची बंदूकही आहे. सायंकाळच्या आरतीच्या सुमारास हीं शस्त्रें एकेक करून भाविकांना दाखवितात, आणि दिवाळीच्या आधीं तख्तस्नानाच्या दिवशीं गोदावरीच्या पाण्यानें सर्व स्थान व शस्त्रें धुतलीं जातात. धनुष्याकडे किंवा तलवारीकडे पाहतांना माणसाच्या मनांत पुराण जागें होतें. बंदुकीकडे पाहून तसें होत नाहीं. ती त्या घरांतली धाकटी सून. पण गुरूंच्या परंपरेंत तिचा मान धाकटा नव्हता. दशम ग्रंथांत शस्त्रनाममाला नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत शस्त्रांचीं नांवें सरळ न सांगतां कूटांनीं सांगितलेलीं आहेत, आणि त्या कूटांचा सर्वांत मोठा भाग तुपकेच्या म्हणजे बंदुकीच्या वांट्याला आला आहे. हीं कूटें रचण्याची एक युक्ति फार मौजेची आहे. आधीं पृथ्वीचें एखादें नांव घ्यावयाचें. पृथ्वीपासून जन्मतो तो वृक्ष. आणि वृक्षाची जिला पाठ तीच बंदूक. पृथ्वीचीं नांवें बदलत जावीं, वृक्षाचीं बदलत जावीं, उत्तर तेंच. बंदुकीला ओळखावयाचें तें तिच्या आगीवरून किंवा आवाजावरूनच असें नाहीं, तिच्या लांकडी पाठीवरूनही तिला ओळखावें, हें या कवित्वाला सुचलें आणि इतिहासकारांना सुचलें नाहीं, याचें आम्हांस कौतुकही वाटतें व थोडी लाजही वाटते.

आपल्या भाषेंत या पाठीला दोन नांवें आहेत, दस्ता व कुंदा. दोन्ही फारसींतून आलेलीं. दस्त म्हणजे हात. कुंदा म्हणजे ओंडका. एकाच वस्तूला एक नांव माणसाच्या बाजूनें पडलें, दुसरें झाडाच्या बाजूनें. ओंडक्याचा दस्ता करणें हेंच सुताराचें काम.

दस्ता अंगाला बसणें म्हणजे काय, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे. बंदूक खांद्याला लावली कीं चार ठिकाणीं माणसाचें अंग तिला लागतें: मागची टांच खांद्याच्या खोबणींत, लांकडाची वरची कड गालाखालीं, एक मूठ चापामागच्या बारीक मानेवर, आणि दुसरा हात पुढें नळीच्या खालीं. यांतील एक जागा चुकली कीं उरलेल्या तिन्ही चुकतात. दस्ता लांब असेल तर टांच कपड्यांत अडकते, मान पुढें ताणावी लागते आणि चापापर्यंत बोट पोंचतें तें नुसत्या शेंड्यानें. आखूड असेल तर धक्क्यासरशीं स्वतःचाच आंगठा नाकावर येऊन आदळतो. कोपर काटकोनांत वांकवून टांच कोपराच्या आंतल्या बाजूस टेकावी आणि तर्जनीचें पहिलें पेर चापावर येतें कीं नाहीं तें पाहावें, अशी एक जुनी अटकळ आहे. ती ढोबळच समजावी. कारण दोघांचे हात सारखे असले तरी एकाची मान उंच व दुसऱ्याची छाती भरदार असली म्हणजे दोघांना एकच दस्ता चालत नाहीं.

लांबीपेक्षां उताराचा प्रश्न अधिक नाजूक. बार उडतो तेव्हां धक्का नळीच्या रेषेंत मागें येतो. टांच त्या रेषेच्या खालीं असेल तर खांदा त्याला खालून अडवितो, म्हणून बंदुकीचें तोंड वर उसळतें आणि लांकडाची कड गालावर बसते. उतार जितका जास्त तितकी उसळी जास्त. दस्ता अगदीं सरळ ठेवला तर धक्का सरळ मागें जातो हें खरें, पण मग डोळा नळीच्या रेषेवर आणण्यासाठीं मान मुरडावी लागते. म्हणजे गालाला सुख द्यावें तर मानेला दुःख, आणि मानेला द्यावें तर गालाला. शिवाय माणसाचा डोळा खांद्याच्या बरोबर समोर नसतो, आंत नाकाच्या बाजूला असतो. म्हणून चांगला कारागीर दस्त्याला बाहेरच्या बाजूस एकदोन सुतांचा कल देतो. उजव्या हाताच्या माणसासाठीं दिलेला कल डावखुऱ्याला दुप्पट नडतो. जुन्या बंदुकींत तर डावखुऱ्याची आणखी एक पंचाईत होती. रंजकाची वाटी नळीच्या उजव्या बाजूला असे. ती भडकली कीं आग त्याच्या डोळ्यांसमोरच. त्या काळचे किती डावखुरे नेमबाज नाइलाजानें उजवे झाले असतील, कोण जाणे.

आतां तोड्याच्या बंदुकीकडे वळूं. हिंदुस्थानांतील तोड्याच्या बंदुकीचा सर्वसाधारण नमुना पाहिला तर तिचा दस्ता सडपातळ, जवळजवळ सरळ, बाजूंनीं चपटा व टांचेकडेही फारसा रुंद न होणारा असतो. नळी लांब व जड. ती लांकडाला चामड्याच्या वाद्यांनीं किंवा धातूच्या पट्ट्यांनीं आवळलेली. युरोपांतील लेखकांना हा दस्ता नेहमीं विचित्र वाटला. इतकी अरुंद टांच खांद्याला रुतावयाची, असें त्यांचें म्हणणें. परंतु हें लांकूड ज्या रीतीसाठीं कापलें होतें ती रीत वेगळी होती. मोगली चित्रांत शिकार करणारा बादशहा गुडघा टेकून बसलेला दिसतो. कधीं नळीला दोन पायांची घोडी लावलेली, कधीं सेवकाच्या खांद्याचा टेकू. नळीच्या वजनानें धक्का बराच गिळला जातो, आणि सरळ दस्त्यामुळें तोंड उसळत नाहीं. घाई नसलेल्या, बैठक मारून एकेका सावजावर डोळा ठेवणाऱ्या माणसाचें हें हत्यार. अकबराची संग्राम नांवाची बंदूक प्रसिद्ध आहे. १५६८ सालीं चितोडच्या वेढ्यांत तटावरील जयमल राठोड तिच्याच गोळीनें पडला, असें अबुल फजल सांगतो. एक माणूस, एक नेम, एक गोळी. त्याच अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत नळ्या कशा वळाव्या, कशा तपासाव्या, बैलाच्या चक्रानें एका वेळीं सोळा नळ्या आंतून कशा घांसून साफ कराव्या, हें मोठ्या हौसेनें लिहिलें आहे. लांकडाच्या वांट्याला त्या मानानें थोडेच शब्द आले. बादशाही कारखान्यांतही सुतार मागच्याच पंगतीला!

आपल्या मराठी लष्करांत दोन शब्द होते, ते येथें फार उपयोगी पडतात. स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार. सरकारी पागेचा घोडा व सरकारी हत्यार ज्याला मिळतें तो बारगीर. शिलेदार या शब्दाचा मूळ अर्थच हत्यार बाळगणारा असा आहे. हे शब्द घोडेस्वारांचे खरे, पण बंदुकांनाही ते लावून पाहावे. शिलेदाराची बंदूक त्याच्या घरची. ती बापाकडून आली असेल तर गांवच्या सुतारानें तिची टांच चार सूत कापली असेल, किंवा चामड्याची पट्टी ठोकून वाढविली असेल. गालाची कड घांसघांसून त्याच्या गालाची झाली असेल. बारगिराची बंदूक कोठींतून येते आणि कोठींत परत जाते. तिच्या लांकडाला कोणाचेंच अंग ठाऊक नसतें.

हा भेद रणांगणावर उघडा पडला तो याच मुलखांत. १७५९ सालच्या अखेरीपासून निजामाशीं बिघडलें, आणि १७६० च्या जानेवारींत सदाशिवरावभाऊंनीं सलाबतजंग व निजामअली यांच्या फौजेला उदगिराच्या परिसरांत गांठलें. उदगीरची लढाई असें आपण म्हणतों, पण ती एका जागीं उभी राहून झालेली लढाई नव्हे. निजामाची फौज धारूरकडे सरकत होती, मराठे तिला चारी बाजूंनीं टोंचीत होते, आणि शेवटचा निकाल ३ फेब्रुवारीस औशाच्या जवळ लागला. उदगीर व औसा, दोन्ही आज लातूर जिल्ह्यांत. तहांत सुमारें साठ लाखांचा मुलूख, दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसह मराठ्यांना मिळाला. या मोहिमेंत भाऊंच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. बुसी या फ्रेंच सरदाराच्या कवायती शिस्तींत तयार झालेला हा माणूस काल-परवांपर्यंत निजामअलीच्याच चाकरींत होता; तेथून सुटतांच भाऊंनीं त्याला त्याच्या पलटणी-तोफखान्यासह पदरीं ठेवला.

गारद्यांच्या हातीं चकमकीच्या बंदुका होत्या. तिच्या दस्त्याकडे पाहा. मागें रुंद, खाली उतरलेला, टांच धातूच्या पत्र्यानें मढविलेली. हें लांकूड उभ्या माणसाच्या खांद्यासाठीं आहे, बैठक मारलेल्याच्या मांडीसाठीं नव्हे. त्या माणसाच्या उजव्या-डाव्या बाजूला हातभर अंतरावर तसाच दुसरा माणूस उभा असतो. हुकूम होतांच सर्वांच्या बंदुका एकदम खांद्याला लागतात, एकदम उडतात, एकदम खालीं येतात. येथें नेम एकट्याचा नसून रांगेचा असतो. जवळ आलेल्या शत्रूवर संगीन रोखली कीं तीच बंदूक भाला होते, म्हणून लांकडाची मान जाड व धागा तिच्यांतून सरळ गेलेला हवा. आडव्या धाग्याची मान पहिल्याच झटक्यांत मोडते. अशा बंदुकीचा दस्ता कोणा एकाच्या अंगाला बसविलेला नसतो, बसवूनही चालत नाहीं. आज पडलेल्या शिपायाची बंदूक उद्यां दुसऱ्याच्या हातीं जावयाची, तेव्हां ती सर्वांना सारखीच अर्धवट बसली पाहिजे. माप बंदुकीचें, अंग माणसानें जुळवावयाचें. कवायत म्हणजे बहुतांशीं हेंच जुळवणें. उदगीर-औशाच्या माळावर सरळ दस्त्याची व उतरत्या दस्त्याची, अशा दोन्ही बंदुका एकाच निशाणाखालीं उडाल्या. पुढें वर्षाच्या आंत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर तेच गारदी आठनऊ हजारांच्या संख्येनें रांगा धरून लढले व बहुतेक तेथेंच पडले. इब्राहिमखान जिवंत सांपडला व मारला गेला. पानिपताची मीमांसा करणारे गोलाची लढाई व गनिमी कावा या दोन रीतींचा मेळ बसला नाहीं असें म्हणतात. त्यांत आमची एवढीच पुस्ती आहे कीं, हा बेबनाव सेनापतींच्या मसलतींत दिसण्याआधीं शिपायांच्या हातांतल्या लांकडांत दिसत होता.

पुढें महादजी शिंद्यांनीं द बॉयन्याकडून पलटणी उभ्या करविल्या आणि आग्र्यास कारखाना घातला. तेथें सँग्स्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व चकमकीच्या बंदुका होऊं लागल्या. उत्तरेंत मराठी दौलत अशी बारगिराच्या बंदुकीकडे वळली. आपल्या मुलखांत मात्र जुना दस्ता बराच काळ टिकला. १८१९ च्या जानेवारींत हदगावजवळच्या नाव्ह्याच्या गढींत नोवसाजी नाईक हटकर यांनीं निजामाच्या रसेल ब्रिगेडशीं तीन आठवड्यांहून अधिक काळ झुंज दिली. मेजर पिटमनच्या हाताखालीं कवायती पलटणी व तोफा बाहेर, आणि आंत हटकरांच्या जोडीला अरब शिपाई. अरबांची तोड्याची बंदूक तर आपल्याकडच्याहूनही लांब व दस्त्यानें बारीक. गढीच्या जंगीच्या भोंकांतून एकेक माणूस टिपणाऱ्याला तीच सोयीची. रांग, हुकूम, रुंद टांच यांचें तेथें काय काम? ३१ तारखेस तटाला पडलेल्या खिंडारांतून पलटणी आंत शिरल्या, आणि गढींतले शेंकडों लोक कापले गेले. नोवसाजींचें नांव अलीकडे पुन्हां घेतलें जाऊं लागलें आहे, हें योग्यच झालें.

रायफल आली तेव्हां प्रश्नाचें रूप पालटलें. नळीच्या आंत पिळाचे आटे असल्यामुळें गोळी फिरत जाते व दूरवर सरळ जाते. आणि नेम जितका दूरचा तितकी गालाची जागा महत्त्वाची, कारण डोळा एक सूत इकडेतिकडे झाला तर लक्ष्य हातभर चुकतें. रांगेंत भागत होतें तें येथें भागेना. तेव्हां सरकारला माणसाच्या अंगाची पुन्हां आठवण झाली, पण सरकारी पद्धतीनें. १९०७ सालच्या ली-एनफील्डचें लांकूड एकसंध नव्हतें. मागचा दस्ता वेगळा, लांब बोल्टानें कसलेला, म्हणून तो बदलतां येई. त्याची नेहमींची एक लांबी, तिच्याहून अर्धा इंच मोठी एक व अर्धा इंच आखूड एक, आणि पहिल्या महायुद्धांत ठेंगण्या शिपायांसाठीं पुरा इंच आखूड अशी चौथी. लांकडावर एल, एस किंवा बी हें अक्षर ठोकलेलें असे. बंगालमध्यें ईशापूर येथें १९०४ च्या सुमारास सुरू झालेल्या रायफलींच्या कारखान्यांत हीच रायफल होऊं लागली, आणि ती आपल्या लष्कराच्या, पुढें पोलिसांच्याही खांद्यावर पिढ्यान् पिढ्या वावरली. कोट्यवधि खांद्यांसाठीं चार मापें; तरीही एकाच मापापेक्षां चार बरीं, हें कबूल केलें पाहिजे.

चार मापें असून तीं मिळतातच असें नाहीं, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आहे. महाविद्यालयांत असतां राष्ट्रीय छात्रसेनेंत आमच्या हातीं ती जड रायफल दिली, तेव्हां उंचीनें बेताच असलेल्या माझ्या वांट्याला जी आली ती कोणा उंच शिपायाच्या मापाची असावी. पांच फैरींत खांदा काळानिळा झाला. मीं तक्रार केली तेव्हां हवालदार हंसून म्हणाले, "बंदूक खांद्याला लावूं नकोस बाळा, खांदा बंदुकीला दे." कवायतीचें सगळें तत्त्वज्ञान त्या एका वाक्यांत होतें. मीं खांदा दिला, मान मुरडली, आणि पुढच्या पांच फैरी लक्ष्याच्या कागदावर तरी लागल्या. रात्रीं आईनें हळद लावली तेव्हां मात्र मला हवालदारांचें म्हणणें तितकें पटलें नव्हतें.

ज्याच्या एका गोळीवर सगळें अवलंबून, त्याच्यासाठीं मात्र लष्करानेंही जुना शिलेदारी मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धांत दुर्बीण लावलेल्या निवडक ली-एनफील्ड रायफलींच्या दस्त्यावर गालासाठीं लांकडाची एक उंच पट्टी दोन स्क्रूंनीं बसवीत असत. दुर्बीण नळीच्या बरीच वर असते. गाल तेवढाच वर उचलला नाहीं तर डोळा तिच्याशीं जुळत नाहीं आणि मान अधांतरीं राहते. दोन स्क्रू आणि तळहाताएवढें लांकूड, एवढ्यानें मापाचें माणूस होण्याऐवजीं माणसाचें माप झालें. ज्यांना अशी पट्टी मिळत नसे ते दस्त्यावर फडकें गुंडाळून वर चामडें आवळीत, तेंही काम भागवितें.

दस्त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो कोणत्याही मापाच्या बाहेरचा. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतले सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यांत पडले. एकटे घाडगे पुढें धांवले, हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली. पुढें काडतुसांचा खटका बदलण्याइतकाही वेळ उरला नाहीं, तेव्हां त्यांनीं हातांतली टॉमीगन नळीकडून धरली व उरलेल्या दोघांना दस्त्यानें झोडपून ठार केलें. लागलीच दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं तेही पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणीं बंदूक पुन्हां नुसता कुंदा झाली होती.

आतां गांवच्या सुताराकडे परत येऊं, कारण अंगाचें माप घेण्याची विद्या शेवटीं त्याच्याकडेच राहिली. मराठवाड्यांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्याच्या ठासणीच्या बंदुका कांहीं शेतकऱ्यांकडे पिढीजात आहेत. औसा तालुक्यांतील एका खेड्यांत अशा एका बंदुकीचें काम मीं बसून पाहिलें. आजोबांची बंदूक परवान्यासह नातवाच्या नांवावर झालेली; आजोबा ताडमाड, नातू मध्यम चणीचा. दस्ता शिसवीचा, मानेजवळ हाताच्या घामानें काळा झालेला. नळी दाणे-दारूवांचून रिकामी असल्याची खात्री सुतारानें गज घालून स्वतः करून घेतली, मग नातवाला उभें केलें.

"डोळे मिट अन् खांद्याला लाव. उघडूं नको."

त्यानें लावली.

"आतां उघड. माशी दिसती का?"

"नाहीं मामा, नुसतं लाकूड दिसतंय."

"मग लांबी बी जास्त हाय अन् गाल बी खालीं पडतोय."

जगांतील नामांकित बंदूक-कारागीर हीच परीक्षा घेतात. डोळे उघडे असले कीं माणूस मान वांकवून, हात सांवरून चूक झांकतो. डोळे मिटल्यावर अंग खरें बोलतें. सुतारानें नातवाला दहाबारा वेळां तसेंच करावयास लाविलें, प्रत्येक वेळीं खडूची खूण केली आणि खुणांच्या मधली जागा धरली. कापण्याची घाई केली नाहीं. लांकूड एकदां कापलें कीं परत येत नाहीं, म्हणून आधीं थोडें, मग पुन्हां लावून पाहाणें, मग पुन्हां थोडें. टांचेचा लोखंडी पत्रा काढून करवतीनें बेताचा तुकडा उडविला. कापतांना कड फाटूं नये म्हणून भोंवतीं दोऱ्याचे वेढे घट्ट दिले होते. पत्रा पुन्हां बसवितांना टांचेचा वरचा व खालचा कोन कानशीनें जुळविला, कारण खालचा कोन बाहेर आला तर तो छातींत टोंचतो. गालाखालीं मात्र लांकूड कमी पडत होतें. तेथें त्यानें किनवटच्या सागाची एक पातळ फळी घेतली, पटाशीनें व रंध्यानें गालाच्या वांकाची केली, आणि खिळे न मारतां चामड्याच्या पट्ट्यानें आवळली. "पोरगं अजून भरंल अंगानं," असें त्याचें कारण. पुढें गाल भरला कीं पट्टी सैल करून फळी उतरवितां यावी. सागावर शिसवीचा रंग चढत नाहीं, म्हणून बंदूक दुरंगी दिसत होती. नातवाला तें फारसें आवडलें नाहीं.

नळीच्या खांचेकडे सुतारानें बराच वेळ दिला. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, वैशाखांत आमच्याकडच्या उन्हानें आकसतें; खांचेंत एखाद्या जागीं लांकूड नळीला दाबूं लागलें कीं गोळी पूर्वीच्या जागीं जात नाहीं, आणि दोष मात्र दारूला दिला जातो. त्यानें नळीच्या खालच्या बाजूला दिव्याची काजळी लावली, ती खांचेंत बसवून उचलली, आणि लांकडावर जेथें काळें उमटलें तेवढेंच अलगद खरवडलें. असें सातआठ वेळां. अखेरीस जवसाचें तेल. तें आपल्याच रब्बीचें पीक, आणि रायफलींच्या दस्त्यांना सगळ्या जगांत हेंच तेल लावीत आले आहेत. हाताच्या तळव्यानें घांसून तापवावें, लांकडांत जिरूं द्यावें, दुसरे दिवशीं पुन्हां. तेलाचें फडकें चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नये; तें आपोआप तापून पेट घेतें. सुतारानें तें तारेवर पसरून वाळत घातलें होतें.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं नातू आला. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली, उघडले, आणि कांहीं न बोलतां हंसला. मजुरीचे पैसे देतां देतां त्यानें आजोबांच्या मापाचा तो कापलेला तुकडा मागितला. सुतारानें इकडेतिकडे पाहिलें. तुकडा तोंपर्यंत कोणाच्या तरी कुदळीच्या दांड्यांत पाचर म्हणून बसला होता आणि कुदळ त्या दिवशीं शेतावर गेली होती.